नकाशावरच्या निलगिऱ्या

९ फेब्रुवारी

माझ्या घरामागे झाडं लावायची परवानगी तुला कुणी दिली?

पवनचक्क्यांच्या कंपनीनं कचेरीच्या भिंतीवर नकाशा चिकटवलाय. रंगीत. मला अक्षरं लावायला वेळ लागतो, पण ठिपके दिसतात. आपल्या घराच्या मागे हिरव्या ठिपक्यांची लांबलचक रांग काढलीय. मी कारकुनाला विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "आजी, निलगिऱ्या." मी म्हटलं, "बाबा, मी आत्ता त्याच घरातून आले. मागे एक झाड नाही. कोंबड्या सावलीसाठी माझ्या मागे मागे फिरतात." तो म्हणाला, "रिपोर्टात आहेत." जणू रिपोर्टात असली म्हणजे कोंबड्यांची सोय झाली. मग त्यानं खाली बोट ठेवून रिपोर्ट करणाराचं नाव वाचलं. तुझं. आडनावासकट. आडनाव माझ्या मुलाचं नसतं तर मला वाटलं असतं, दुसरीच कुणी गाढव आहे.

आता आशीर्वाद. घे, भिंगरे, आणि पुढे वाच.

कारकुनानं मला जे समजावलं ते मी तुला सांगते, म्हणजे मला किती कळलंय ते तुला कळेल. दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत त्यांनी वर्षभर एक उंच खांब उभा केला होता, टोकाला गरगर फिरणाऱ्या वाट्या. खांब एकच. त्यामुळे मोजला तो फक्त खिंडीतला वारा. दोन्ही टेकड्यांवर किती असेल ते तुझ्या कॉम्प्युटरनं गणितानं काढायचं. त्यात विमानतळावरच्या जुन्या नोंदी घालायच्या, म्हणजे पुढच्या पंचवीस वर्षांचा वारासुद्धा निघतो म्हणे. उद्या माझा कुठला गुडघा धरेल हे कुणाला सांगता येत नाही, आणि तू पंचवीस वर्षांचा वारा सांगतेस. असो. झाडं असली की वारा अडखळतो. म्हणून आपल्या टेकडीवर वारा कमी निघाला, आणि चक्क्या चालल्या पलीकडच्या टेकडीवर.

पलीकडे कोण राहतं ते तुला सांगायला नको. तुझी आत्या. चक्कीचं एकेक पातं इतकं लांब असतं की गाडी वळणावर वळत नाही. म्हणून रस्ता सरळ हवा, आणि सरळ रस्ता तिच्या स्वयंपाकघरातून जातो, तिथून मागाच्या शेडमधून. नवरा पळून गेला तेव्हा तिनं ते माग एकटीनं उभे केले. त्या वेळी तू झोक्यावर बसून पेरू खात होतीस.

आपल्या टेकडीवर वारा नाही म्हणतेस? इथे दोरीवरच्या चादरी काढायला मला दगड घेऊन जावं लागतं.

पुढच्या महिन्यात वीस तारखेला सुनावणी आहे. त्याच्या आत तुझी झाडं माझ्या अंगणातून काढ.

— आजी


२४ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. आजीला कुणी टाइप करून लिहितं का? पाकीट बघून मला वाटलं, वीज तोडायची नोटीस आली.

तू लिहितेस की दोरीवरची चादर उडते म्हणजे वारा आहे असं होत नाही. घराच्या कोपऱ्यावर वारा वळतो आणि तिथे झोत तयार होतो. चक्कीचं डोकं जिथे असतं तिथे, एवढ्या वर, काय चाललंय ते चादरीला कळत नाही. बरं. मी दोरी घराच्या दुसऱ्या बाजूला बांधून पाहिली. चादर मेल्यासारखी लोंबत राहिली. ते तुझं खरं निघालं. चादरीचं पटलं, पुढे चल.

पुढे तू लिहितेस: "वरून काढलेल्या फोटोत टेकडी बोडकी दिसत होती. पण तो फोटो चुकीचा असणार हे मला माहीत होतं, म्हणून मी माझ्या हातानं दुरुस्ती केली. ऑफिसनं मानलं, कारण मी तिथलीच आहे." आणि त्याच्याखाली: "आजी, त्या झाडांखाली मी वाढले."

वाढलीस. उंचीनं.

ऐक आता. फोटो बरोबर आहे. तू गेलीस त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती झाडं तोडली. विहिरीचं पाणी शोषून घेत होती, सकाळी बादली खाली जायची ती चिखल घेऊन वर यायची. तुझा बाप असता तर एकेका झाडापाशी उभा राहून उसासे टाकत बसला असता. तो नव्हता, म्हणून काम झटपट झालं. भिंगरीसाठी एखादं ठेवू या असं म्हणायला कुणी नव्हतं, आणि असतं तर मी ऐकलं नसतं. तुझ्या झोक्याचा दोर चांगला होता, तो विहिरीच्या बादलीला लावला. फळी खुराड्याला दार म्हणून बसली, मापाची निघाली. बुंधे राहिलेत. एकावर तुझी आई कपडे आपटते, एकावर मी सकाळी दात घासायला बसते. दात म्हणजे उरलेले.

तुला हे माहीत नाही, कारण तू आली नाहीस. बापाच्या तेराव्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालीस, "आजी, तुझ्या जिभेनं बाबा गेले," आणि बॅग उचललीस. जिभेनं माणसं मरत असती तर हे अख्खं गाव कधीच मोकळं झालं असतं. त्याचं हृदय लहानपणापासून अधू होतं, हे डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगितलं होतं. पण तुला शिव्या द्यायला कुणीतरी हवं होतं आणि हृदयाला शिव्या देता येत नाहीत. त्यानंतर तू फोन करतेस तो दुपारी, मी आडवी झाले की. भिंगरे, मी आडवी होते. बहिरी होत नाही.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. झाडांच्या ओळीपाशी आले तशी ती उठली आणि धुतलेली भांडी परत धुवायला बसली. तुझी लाज वाटली असेल तिला.

डोळे मिटून आठवलेल्या झाडांवर तू आत्याचं घर पाडतेस. चूक झाली तर झाली, माणसाकडून होते. मग ऑफिसात जा, साहेबापुढे उभी राहा आणि सांग, की झाडं नाहीत, मला वाटली. एवढं वाक्य टाइप न करताही बोलता येतं.

— आजी


८ मार्च

हे पत्र मी दार लावून लिहितेय. बाहेर तुझी आई शिवणयंत्रावर बसलीय. मी लिहिताना मोठ्यानं बोलते, सवय आहे, आणि यंत्राचा आवाज थांबला की मला कळतं की ती ऐकतेय. आत्ता चालू आहे.

या वेळी तू हातानं लिहिलंस. अक्षर बापावर गेलंय, म्हणजे वाचायला दोन दिवस गेले.

तू लिहितेस, की झाडं काढून सगळं गणित तू परत केलंस. आपली टेकडी पुढे निघाली, नुसती पुढे नाही, फार पुढे. म्हणजे चक्क्या इकडे येणार. आणि चक्कीच्या इतक्या जवळ घर चालत नाही, नियम आहे, म्हणून आपलं घर रिकामं करावं लागणार. मग खाली दोनदा रेघ मारून विचारतेस, "तुला हे माहीत होतं का?"

माहीत होतं. कारकुनाला मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण तू विचारलं नव्हतंस.

मग लिहितेस, "आजी, तुला खऱ्याखोट्याचं काही पडलेलं नाही. तुला तुझी मुलगी वाचवायचीय आणि त्यासाठी माझ्या आईला घराबाहेर काढायचंय."

हो. मग?

तुझ्या आत्याला मी जन्म दिलाय. तुझ्या आईला नाही दिला. ती लग्न करून आली, मीठ कमी घालते, आणि मी बोलले की भिंतीकडे बघते. दोघींतलं एक घर जाणार असेल तर कुणाचं जावं हे मला विचार करून ठरवावं लागत नाही. तुलाही लागत नाही, म्हणून तर तुझा हात थांबलाय. पण एक लक्षात ठेव. माझी मुलगी माझी लाडकी आहे म्हणून काही झाडं उगवत नाहीत. आणि घर तर माझंही जातंय. ते तू कुठेच लिहिलं नाहीस. आजी बेघर झाली तर तुझ्या पत्रात तिच्यासाठी अर्धी ओळही नाही. बरं झालं, कळलं.

आता तुझी शेवटची गोष्ट. ती वाचल्यावर मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचली. तू लिहितेस: "मी नुसत्या आठवणीवर लिहिलं नव्हतं. फोटोत टेकडी बोडकी दिसली तेव्हा मी आईला फोन केला होता. विचारलं होतं, झाडं आहेत ना अजून? ती हो म्हणाली."

मी तिला हाक मारली. यंत्र थांबलं. ती आली, हातात कुणाच्यातरी पोरीचा अर्धा शिवलेला फ्रॉक.

"भिंगरीनं तुला झाडांचं विचारलं होतं?"

"हो."

"काय विचारलं?"

"आहेत का म्हणून."

"मग?"

"मग हो म्हटलं."

"तू ज्याच्यावर रोज धुणं आपटतेस ते काय आहे मग?"

"बुंधा आहे."

"बुंधा म्हणजे झाड का?"

"नाही."

तुला माहीतच आहे ती कशी बोलते. विहिरीतून एकेक थेंब काढावा तशी. मी म्हटलं, "तुला आठवलं नाही की काय?" तेव्हा तिनं फ्रॉक खाटेवर ठेवला. नीट घडी करून ठेवला. आणि म्हणाली, "आई, तिनं आधी सांगितलं होतं, की झाडं असली तर चक्क्या इकडे येत नाहीत. आधी हे सांगितलं आणि मग विचारलं, झाडं आहेत ना. मी काय म्हणायला हवं होतं?"

"खरं."

"तुम्ही म्हणा खरं. तुम्हाला जायला मुलीचं घर आहे. माझं माहेर पाडून तिथे गाड्या लावतात."

"आणि माझ्या मुलीचं घर?"

"वन्सं दुसरं घर बांधतील. त्यांना येतं बांधायला. मला हे एवढंच आलं." मग म्हणाली, "ती खिडकी यांनी माझ्या यंत्रासाठी मोठी केली होती. विटा मीच वर दिल्या होत्या. तुम्ही त्या वेळी खाली बसून सांगत होतात की उन्हानं घर तापेल."

तापतंच. पण मी ते बोलले नाही. मी म्हटलं, "माझं राहू दे. पोटच्या पोरीला खोट्यात पाडलंस. उद्या तिला कळलं असतं तर?"

यावर तिनं काय सांगितलं ते तुला लिहिण्यासाठीच हे पत्र आहे. ती म्हणाली, "तिला कसं कळणार? ती काही येत नाही."

हे मी म्हटलेलं नाही. माझ्या जिभेवर घालू नकोस. तुझ्या आईनं म्हटलं, फ्रॉक उचलला, आणि जाऊन यंत्र सुरू केलं. तू येत नाहीस याच्यावर ती रडत असेल असं तुला वाटत असणार. ती त्याच्यावर घर वाचवत होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, मुलानं मला एक मुकं जनावर आणून बांधून दिलंय. त्या दिवशी ती बाई मला पहिल्यांदा आवडली. तिला सांगितलेलं नाही. जेवताना मीठ कमी आहे तेवढं सांगितलं.

सुनावणीला तुला कंपनी स्क्रीनवर बसवणार आहे असं कारकून म्हणतो. झाडं नाहीत हे तू सांगायचंच आहेस. नाही सांगितलंस तर मी आत्याला बरोबर घेऊन सुनावणीच्या साहेबाला टेकडीवर नेणार आणि एकेका बुंध्यावर बसवणार. उरला प्रश्न कुणी सांगितलं याचा. आईचं नाव घ्यायचं की आपलं तोंड काळं करायचं, ते तुझं तू बघ. दोन्ही धुऊन निघत नाही.

यंत्र थांबलंय. बंद करते.

— आजी


२२ मार्च

केस कापलेस. चांगले नाही दिसत. स्क्रीनवर तोंड परातीएवढं आलं होतं, त्यामुळे सगळ्यांना नीट दिसलं.

तुला तिकडून फक्त साहेब आणि कंपनीचा तो टकला इंजिनिअर दिसत होता असं कारकून म्हणतो. म्हणून तुला बाकीचं सांगते. हॉल भरला होता. पंखे बंद होते. पहिल्या रांगेत मी, माझ्या शेजारी तुझी आई, मांडीवर पिशवी, पिशवीच्या बंदांचे हाताला पिळे. माझ्या मागे तुझी आत्या, आणि तिच्या मागे तिच्याकडे कामाला असलेल्या बायका, भांडायला तयार होऊन आलेल्या.

तू सांगितलंस, की आपल्या टेकडीवर झाडं नाहीत आणि रिपोर्ट चुकलाय. आवाज बरा लागला होता. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी त्यांना गप्प केलं. मला वाटलं, संपलं. पण टकल्यानं कागद वर केला. "मॅडम, रिपोर्टात तुम्ही लिहिलंय, की झाडांची खात्री स्थानिक रहिवाशाकडून करून घेतली. कोण रहिवासी?" तू नाव घेतलं नाहीस. तो म्हणाला, "कारण आपलं घर वाचवायला कुणी मुद्दाम खोटी माहिती दिली असेल तर कंपनी केस करील."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सगळा हॉल तेवढंच ऐकत होता.

आत्यानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "आई, सांग ना! वहिनीनंच सांगितलं ना? मग ऊठ की!" तिला मी सगळं सांगून ठेवलं होतं, माझ्या पोटात काही राहत नाही. तुझी आई समोर बघत होती. तिच्या हाताची बोटं त्या बंदात अडकून पांढरी पडली होती. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एकदा बघितलं असतं, नुसती मान वळवली असती, तर मी बसून राहिले असते आणि जे व्हायचं ते होऊ दिलं असतं. विनवणी करणारं माणूस मला सहन होत नाही.

मी उठले. "साहेब, त्या घरातली मोठी मी आहे. मला कुणी काही विचारलेलं नाही. घरात कुणालाच विचारलेलं नाही. ही माझी नात आहे. बाप गेल्यापासून हिनं घराचा उंबरा बघितला नाही. लहानपणची झाडं आठवली ती लिहिली, आणि खात्री केली असं वर ठोकून दिलं. हिला लहानपणापासून खोड आहे. शाळेत पण न वाचता उत्तर लिहायची."

टकला हसला. दोन-चार जण हसले. साहेबांनी तुला विचारलं, "हे खरं आहे?"

तू म्हणालीस, "हो."

तुझी आई म्हणते तसंच. वर काही नाही, खाली काही नाही, डोळ्यांची पापणी हलली नाही. मी तिथे उभी होते म्हणून मला दोन्हीकडचं दिसलं, स्क्रीनवर एक तोंड आणि शेजारी दुसरं. लोक म्हणतात तू बापावर गेलीस. अक्षरच फक्त.

टकल्यानं तिथल्या तिथे लिहून घेतलं, की या बाईंनी आजवर काढलेला सगळा वारा परत तपासायचा. जितक्या गावांचा काढलास तितक्यांचा. तुझी सगळी वर्षं ते आता परत मोजणार. मोजू देत. बाकीच्या ठिकाणी तुझी आई राहत नव्हती, तिथलं बरोबरच असेल.

तू विचारशील, आजीनं आईला का वाचवलं. वाचवलं नाही. तू तिकडे आहेस आणि ती इथे आहे. मला जेवायला ती वाढते, पाठ ती चोळून देते, विहिरीवरून पाणी ती आणते. तू स्क्रीनवरून वाढणार आहेस का? एकीला बुडवायचं होतं, तर जी लांब होती तिला बुडवलं. आत्या माझ्याशी बोलत नाही, तिला तिचं घर मिळालं तरी वहिनीची फजिती बघायला मिळाली नाही. माझ्यावरच गेलीय.

परत येताना खिंडीत आलो तेव्हा तुझी आई म्हणाली, "तिनं हो का म्हटलं?"

मी म्हटलं, "तुझी मुलगी आहे म्हणून."

ती थांबली. मला वाटलं, आता बसते की काय रस्त्यात, उचलणार कोण. पण बसली नाही. चालायला लागली आणि माझ्या पुढे गेली. लग्न होऊन आल्यापासून ती बाई माझ्या मागून चालायची. घरी पोचले तेव्हा तिनं चूल पेटवलेली होती आणि दार माझ्यासाठी नुसतं लोटलेलं होतं.

तुला नोकरीवर ठेवलं की काढलं ते कळव. खोटं लिहू नकोस, आता मला ओळखता येतं.

— आजी


२ जून

या पत्राला तिकीट नाही, कारण ते तुझी आईच घेऊन येतेय.

तुला नोकरीवरून काढल्याचं लिहिलंस ते दोन ओळींत लिहिलंस. बरं केलंस. तिसऱ्या ओळीत तू माझी माफी मागशील की मला शिव्या देशील, हे मला तसंही कळलं नसतं.

इकडे मोजणीवाले येऊन गेले. जिथे तुझ्या हिरव्या ठिपक्यांची रांग होती तिथे आता लाल खुंट्या मारल्यात. तीस तारखेपर्यंत घर रिकामं करायचं. आत्यानं मागाच्या शेडमागची खोली दिलीय. स्वतः आली, उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "आई, तू ये. वहिनी, तुम्हीही या, दोघींची सोय होईल." "तुम्ही" म्हणाली. इतकी वर्षं तिला "तू" म्हणायची. ते तुझ्या आईला बरोबर लागलं.

तुझी आई म्हणाली, "नाही."

आत्या म्हणाली, "मग जाल कुठे?"

"मुलीकडे."

"तिला आता नोकरी तरी आहे का?"

"म्हणूनच."

मी खाटेवर बसले होते. म्हटलं, चला, शिकली एकदाची दुसरा शब्द. आत्या पदर झटकून निघून गेली. मग मी तुझ्या आईला विचारलं, "आणि माझं काय?" ती म्हणाली, "तुम्हाला मुलगी आहे." माझंच बोलणं घडी करून मला परत दिलं, त्या फ्रॉकसारखं. तिला ते कुठून कळलं विचारू नकोस. यंत्र थांबायचं तेव्हा ती ऐकतच होती, मी तुला लिहिलं होतं.

यंत्र ती बरोबर आणतेय. तुझ्या खोलीत खिडकी कशी आहे मला माहीत नाही. उजेड कमी असेल तर ती बोलणार नाही, डोळे फोडून घेईल. खोट्याचा विषय तू काढू नकोस. तिनं काढला तर मधे बोलू नकोस. मीठ कमी असतं, वरून घे.

ती गाडीत हे पत्र उघडणार. पाकीट मी मुद्दाम डिंक न लावता दिलंय. काय गं, वाचतेस ना? खिडकीशी बस, तुला गाडी लागते. माझ्या खाटेखालची चादर तू पिशवीत घातलीस ती मी बघितली. दोरीवरून उडायची तीच. राहू दे, मला तिचा उपयोग नाही, आत्याच्या अंगणात वारा नाही.

भिंगरे, आता तुला. आत्यानं दिलेली खोली मी बघून आले. दोन खाटा मावतात. दुसऱ्या खाटेच्या जागी आत्याला सूत रचायचंय, ती रोज विचारतेय. मी सांगितलंय, पत्र येईपर्यंत थांब. तर ती जागा तुझ्या आईसाठी ठेवायची की तिथे सूत रचायचं, ते मला कळलं पाहिजे.

उत्तर तू लिहायचं नाहीस. तुझं अक्षर दिसलं तर मी पाकीट न फोडता चुलीत घालीन. उत्तर तुझ्या आईनं लिहायचं, तिच्या हातानं. खाट की सूत. आणि तिला सांग, नुसतं "हो" लिहून चालणार नाही.